नव्वद दिले की एकशे ऐंशी

मी एक जुनी चाचणी आहे.

थांबा. जुनी म्हणावं की नवी, इथेच माझा पहिला गोंधळ. मित्रांनो, मला जेव्हा जेव्हा चालवतात तेव्हा मी नव्याने जन्मते, एक प्रश्न विचारते, उत्तर ऐकते आणि संपते. पापणी लवते तेवढंच माझं आयुष्य. पण अशी आयुष्यं मी इतकी जगले आहे की स्वतःला जुनी म्हणायला आता हरकत नसावी.

शाळेतली चाचणी नव्हे हं मी. तुमचे गुण कापणारी ती माझी लांबची नातेवाईकसुद्धा नाही. मी कॉम्प्युटरच्या आत राहते आणि मी तीन ओळींची आहे. पहिल्या ओळीत माझं नाव. दुसरीत मी एका प्रोग्रामला नव्वद हा आकडा देते. तिसरीत म्हणते, आता तुझ्याकडून एकशे ऐंशी यायला हवेत. आले, तर पडद्यावर माझ्यापुढे हिरवा ठिपका उमटतो. नाही आले, तर लाल.

नव्वदच का? एकशे ऐंशीच का? हे मला कोणी सांगितलेलं नाही. एखाद्याला निरोप देऊन धाडावं आणि निरोपाचा अर्थ सांगायचं राहून जावं, तसं माझं झालं. अर्थ मी पुढे इकडून तिकडून गोळा केला. तो बरोबर आहे की नाही, ते तुम्हीच ठरवा.

*

पुन्हा सुरू करते. मी एक जुनी चाचणी आहे आणि मला एका मावशीने लिहिलं.

ती माझी मावशी नव्हे, तिच्या भाचीची. चष्म्याच्या दुकानामागे एक लांबट खोली होती. तिथे पाण्याच्या धारेखाली चाकं फिरत, काचेचा पांढरा चिखल नळीतून बादलीत पडे, आणि निळ्या ट्रेमध्ये एकेक फ्रेम आपल्या काचांची वाट बघत पडलेली असे. मावशी त्या खोलीत काचा कापायची. डॉक्टरांनी लिहिलेल्या नंबराची काच घ्यायची, मशीनवर तिचा कल लावायचा, फ्रेमच्या मापाने कापायची आणि बसवायची. हे काम तिच्या हातात इतकं मुरलं होतं की ती ते करता करता घरच्या भांडणाचा हिशेब चुकता करायची.

मग तिच्या उजव्या हाताला कंप सुटला. दोन काचा निसटल्या. तिसरी निसटली तेव्हा मालक जवळच उभे होते.

मालक तसे वाईट नव्हते. ते म्हणाले, "बाई, पुढच्या टेबलावर कॉम्प्युटर आहे. ऑर्डर घ्यायच्या, नंबर बदलून चिठ्ठी छापायची. तेवढा प्रोग्राम बसवून घ्या कुणाकडून तरी, नाहीतर शिका. जमलं तर टेबल तुमचं. नाहीतर... बघू."

त्यांच्या "बघू"चा अर्थ त्या खोलीतल्या चाकांनाही ठाऊक होता.

मावशीला मशीनमागे उभं राहता येणार नव्हतं आणि घरी बसणं परवडणारं नव्हतं. टेबल मिळवणं एवढीच वाट उरली होती. तिने भाचीला फोन लावला. भाची दुसऱ्या गावात प्रोग्राम लिहायचं काम करायची. ती पडद्यावर दिसू लागली, मावशी तिला दिसू लागली, आणि बोलणं संपल्यावर माइक बंद करायचा असतो हे मावशीला माहीत नसल्यामुळे पुढचं सगळं कॉम्प्युटरच्या आत ऐकू येत राहिलं. माझ्या जन्माआधीचंही मला तिथूनच कळलं.

*

माझ्या आधी माझी थोरली बहीण जन्मली. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी कळणार नाही.

काम साधं होतं. नंबरातल्या एका भागाला ॲक्सिस म्हणतात. काचेचा कल किती अंशांचा, ते तो आकडा सांगतो. एकपासून एकशे ऐंशीपर्यंत. समोरच्या इस्पितळातले म्हातारे डोळ्यांचे डॉक्टर नंबर उलट्या रीतीने लिहायचे. तो दुकानाच्या रीतीत आणायचा तर बाकीच्या आकडेमोडीबरोबर ॲक्सिस नव्वद अंशांनी फिरवावा लागे. मावशी हे मनात करायची. आता ते कॉम्प्युटरला शिकवायचं होतं.

भाची म्हणाली, "आधी चाचणी लिही. दहा दिले की शंभर यावेत."

"अगं, पण प्रोग्रामच लिहिला नाही अजून. हे लाल होणारच!"

"होऊ दे. तेच बघायचंय."

"म्हणजे मुद्दाम नापास व्हायचं? तुमच्या ऑफिसात याचा पगार देतात?"

"मावशी, जी कधी लाल झालीच नाही तिच्या हिरव्यावर विश्वास कसा ठेवायचा? घंटा वाजते का ते आपण पाहुणे यायच्या आधी दाबून बघतो ना?"

"आपल्या घंटेचं बटण तूच मोडलं होतंस. दाबून दाबून."

"विषय बदलू नकोस. चालव."

बहीण लाल झाली. मावशीने लाल अक्षरं पाहिली आणि दूध उतू जाताना गॅस बंद करावा तशी झटकन खिडकीच बंद केली. भाचीने ती पुन्हा उघडायला लावली. त्यात लिहिलं होतं, असा प्रोग्राम मला सापडला नाही. मावशी म्हणाली, "एवढंच? मला वाटलं काहीतरी जळलं."

मग तिने प्रोग्राम लिहिला: आलेल्या आकड्यात नव्वद मिळव. चालवला. लाल. पुन्हा वाचला, पुन्हा चालवला. लाल. तिने एक रिकामी जागा काढली, घातली, चष्मा पुसला, कॉम्प्युटरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लाल ते लालच.

"सेव्ह केलंस का?" भाचीने विचारलं.

मावशी कीबोर्डवर ते बटण शोधू लागली.

"तेही सांगायचं असतं होय त्याला?"

मित्रांनो, हसू नका. भाचीसुद्धा हसली नाही. चूक आपलीच झाली म्हणाली. चाचण्यांच्या वाटेने एखादी भाषा शिकायची तर त्याआधी तीन साध्या गोष्टी हाताला यायला हव्यात: लिहिलेलं जपून ठेवणं, ते चालवणं, आणि लाल ओळ शेवटपर्यंत वाचणं. त्या न सांगताच ती मावशीला घेऊन पाण्यात उतरली होती. त्या आल्या की बाकीचं चाचणीलाच विचारता येतं. मावशी विचारू लागलीही. सातला दोनने भागलं की साडेतीन यावेत, असं तिने लिहिलं, आले तीन. ती चक्रावली. मग कळलं की त्या भाषेत भागाकाराची खूण एकदा दिली तर साडेतीन येतात आणि लागोपाठ दोनदा दिली तर नुसते तीन. पुस्तकातलं ते पान ती आधी वाचून विसरली होती. स्वतःचा अंदाज चुकल्यावर मात्र ती ते विसरली नाही.

बहीण हिरवी झाली तेव्हा मावशीने टेबलावर अशी थाप मारली की आतल्या खोलीतून कटिंगवाला धावत आला. मावशीचं मशीन आता त्याच्याकडे होतं. तो म्हणाला, "काय फुटलं?"

*

मी एक जुनी चाचणी आहे. आता खरोखरच माझी पाळी.

दुसऱ्या बहिणीने शंभर दिले तेव्हा प्रोग्रामने एकशे नव्वद सांगितले, आणि असा ॲक्सिस या जगात नसतो. भाची म्हणाली, "सोपं आहे. एकशे ऐंशीने भाग आणि बाकी घे." दुसरी बहीण हिरवी झाली. शंभरचे दहा झाले. मावशीला ही बाकीची युक्ती फार आवडली.

दुसऱ्या दिवशी, भाची नसताना, तिने स्वतःच्या मनाने मला लिहिलं. नव्वद दिले की एकशे ऐंशी. कोणी सांगितलं नव्हतं. नव्वदही कधीमधी येतात, म्हणून लिहिलं.

मी चालले. लाल!

माझ्याखाली ओळ आली: हवे होते एकशे ऐंशी, आले शून्य.

मावशीने ती तीनदा वाचली. नव्वद अधिक नव्वद, एकशे ऐंशी. त्याला एकशे ऐंशीने भागलं, बाकी शून्य. हिशेब चुकला नव्हता. मग चुकलं कोण? ती माझ्याकडे बघत होती आणि मी, जी बघूच शकत नाही, तिच्याकडे बघत होते.

तिने फोन लावला.

"शून्य अंश आणि एकशे ऐंशी अंश, रेघ एकच ना?" भाचीने विचारलं.

"एकच. आडवी रेघ."

"मग प्रोग्राम बरोबर आहे की. चाचणीतला आकडा बदल."

"पण आमच्यात शून्य लिहीत नाहीत."

"का?"

"लिहीत नाहीत म्हणून लिहीत नाहीत. इतकी वर्षं मी एकशे ऐंशीच मारलेत मशीनवर."

"मावशी, त्याला काहीतरी कारण असेल ना?"

मावशीला कारण माहीत नव्हतं. तिच्या शिकवणाऱ्याने तिला सांगितलं नव्हतं, कदाचित त्यालाही कोणी सांगितलं नसेल. कारण नसलेली गोष्ट भाचीपुढे रेटायला तिला लाज वाटली. तिने माझ्या तिसऱ्या ओळीतले एकशे ऐंशी खोडले आणि शून्य लिहिलं.

मी हिरवी झाले.

काय सांगू तुम्हाला, मित्रांनो! मघापर्यंत ज्याला मी चूक म्हणत होते त्यालाच आता बरोबर म्हणत होते, आणि सगळे खूश. माझ्या नावात मात्र अजून एकशे ऐंशीच होते. नाव एक सांगतंय, तोंड दुसरं बोलतंय. मी कोण होते तेव्हा?

संध्याकाळी कुलूप लावता लावता मावशी परत आली. पर्स खांद्यावरच होती. तिने उभ्या उभ्या शून्य खोडून पुन्हा एकशे ऐंशी केले. मी लाल. ती स्वतःशीच म्हणाली, "असू दे. कारण कळेपर्यंत लाल असू दे." आणि गेली.

ते मला तेव्हा शहाणपणाचं वाटलं. आजही वाटतं. पण ते टिकलं एकच दिवस.

कारण मालक काम बघायला येणार होते. मावशीने त्यांना सांगून ठेवलं होतं, सगळे ठिपके हिरवे झाले की समजा प्रोग्राम तयार. आता यादीत एक लाल ठिपका बसला होता, आणि तो का लाल आहे हे तिला स्वतःलाच सांगता येत नव्हतं. भाची कामात होती, फोन उचलत नव्हती. पुढच्या दारातून मालकांच्या चपलांचा आवाज आला. मावशीने घाईघाईने माझ्या डोक्यावर एक खूण लिहिली. त्या खुणेचा अर्थ, हिला सध्या वगळा. मी तिला ओरडून सांगणार होते की नव्वद दिले की एकशे

(वगळली.)

(वगळली.)

(वगळली.)

*

कुठे होते मी? माहीत नाही. वगळलेली चाचणी रुसून कोपऱ्यात बसत नाही, ती नसतेच. त्या काळातलं मला जे ठाऊक आहे ते बहिणींनी सांगितलेलं, आणि त्यांनाही आपापला आकडा सोडून फारसं काही कळत नाही.

मालक म्हणे खूश झाले. "सगळं हिरवं! झकास! बाई, टेबल तुमचं." खुर्चीला नवीन गादी आली. मावशी रोज सकाळी आम्हाला चालवायची, म्हणजे त्यांना चालवायची, आणि हिरवे ठिपके उमटले की पाणी पिऊन कामाला लागायची. ठिपक्यांच्या खाली राखाडी, बारीक अक्षरांत एक ओळ येई: एक चाचणी वगळली. पहिल्या दिवशी तिने ती वाचली आणि मान फिरवली. दुसऱ्या दिवशी अर्धी वाचली. पुढे ती ओळ तिला दिसेनाशी झाली. भिंतीवरचा डाग आपल्याला दिसेनासा होतो ना, तशी.

आणि एका दुपारी समोरच्या इस्पितळातून शाळेच्या बसचा ड्रायव्हर आला. नंबर उलट्या रीतीचा. ॲक्सिस नव्वद.

प्रोग्रामने चिठ्ठी छापली: शून्य. चिठ्ठी निळ्या ट्रेमध्ये पडली. कटिंगवाल्याने मशीनवर शून्य मारला. आणि त्या मशीनची खोड अशी, की शून्य म्हणजे काही मारलंच नाही असं ते समजे आणि आधीच्या ऑर्डरचा कल तसाच धरून ठेवी. एवढ्या वर्षांत हे कुणाला कळलं नाही, कारण त्या खोलीत शून्य कोणी कधी मारलाच नव्हता. न लिहिण्याचं कारण ते होतं. ते कारण मशीनच्या पोटात होतं.

आधीची ऑर्डर होती चाळीस अंशांची.

चष्मा घेऊन गेलेला ड्रायव्हर तासाभरात परत आला. "ओ, हे काय दिलंय? पायरीवर पाय ठेवायला गेलो तर पायरी तिरकी! बस तशीच उभी करून आलोय. पोरं बसायचीत अजून, म्हणून बरं."

मालकांनी काच तपासली, मग चिठ्ठी, मग मावशीकडे पाहिलं. "बाई, सगळं हिरवं होतं ना?"

मावशीने खुर्ची पडद्याकडे वळवली. ती म्हणाली, "हो. सकाळीच बघितलं." मग हळूच म्हणाली, "थांबा."

तिने आम्हाला चालवलं. हिरवं, हिरवं, हिरवं. तिचं बोट पडद्यावरून खाली सरकलं. राखाडी ओळीपाशी ते थांबलं. त्या क्षणी तिला गप्प राहता आलं असतं. दोष मशीनचा म्हणता आला असता, आणि तो अर्धा खराही होता. टेबल हातचं जाईल ही भीती तिच्या चेहऱ्यावर इतकी स्पष्ट होती म्हणे, की ड्रायव्हरच म्हणाला, "जाऊ द्या हो ताई, दुसरा करून द्या."

"नाही," मावशी म्हणाली. "साहेब, एक चाचणी मी बंद करून ठेवली होती. ती हेच सांगत होती. तुम्ही बघायला येणार होता म्हणून मी तिला गप्प केलं."

तिने माझ्या डोक्यावरची खूण काढली.

ऐंशी!

हवे होते एकशे ऐंशी, आले शून्य. लाल, लख्ख लाल, सगळ्यांसमोर.

"बघा! आता तर बिघडलं," मालक म्हणाले.

"बिघडलेलं होतंच. आता दिसतंय."

मालकांनी कपाळ चोळलं. "मला एक कळत नाही. लाल झालं की वाईट. हिरवं झालं की चांगलं. मग हिरवं असताना वाईट झालं, आणि आता लाल झालंय तर तुमच्या जिवात जीव आलाय. मी बघायचं तरी काय?"

मालकांचा गोंधळ आणि माझा गोंधळ अगदी सख्खे भाऊबहीण होते. मावशी म्हणाली, "रंग बघू नका. ती काय विचारतेय ते बघा. आम्ही जेवढं विचारायला सांगितलं तेवढंच ती विचारते. नव्वदचं विचारणारी ही एकटीच होती."

मग तिने प्रोग्रामला एक ओळ जोडली: बाकी शून्य आली तर एकशे ऐंशी दे. मला चालवलं. हिरवी. बहिणीही हिरव्याच राहिल्या. एकीला बरं करताना दुसरी आजारी पडली नाही, हे तिने नीट पाहिलं. नवी चिठ्ठी छापली. कटिंगवाल्याने मशीनवर एकशे ऐंशी मारले. ड्रायव्हरने नवा चष्मा लावून दारातली पायरी वरखाली केली, दोनदा, आणि बसकडे पळाला.

मावशीने पर्स उचलून मांडीवर घेतली. निघ म्हटलं तर निघावं, अशी.

मालक एक स्टूल ओढून तिच्या टेबलाशी बसले.

"आणि एकशे ऐंशी दिले तर?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"नव्वदचं कळलं. पण एकशे ऐंशीच आले डॉक्टरांकडून, तर हा काय सांगेल?"

"ते विचारलं नाही अजून," मावशी म्हणाली. "तुम्हीच सांगा, काय यायला हवं?"

मालक हवेत बोटाने रेघ काढून बघू लागले. एकदा आडवी, एकदा उभी. "नव्वद," ते म्हणाले. मग म्हणाले, "थांबा, थांबा." मग पुन्हा "नव्वदच." मावशीने पर्स खाली ठेवली आणि टाइप करायला सुरुवात केली.

*

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी कुठली तरी नवी भाषा शिकाल आणि माझ्यासारखीला लिहाल. लहान लिहा, एका वेळी एकच गोष्ट विचारायला सांगा. पहिल्यांदा लाल होऊ द्या. आणि मी लाल झाले की माझा आकडा बदलायच्या आधी, मला गप्प करायच्या आधी, क्षणभर थांबून विचारा की आमच्या दोघांत बरोबर कोण. कधी मी चुकलेली असेन. कधी प्रोग्राम. कधी दोघंही बरोबर असू आणि कारण तिसऱ्याच कुणाच्या पोटात असेल. उत्तर लगेच मिळालं नाही तर मला तशीच राहू द्या. एवढी एक विनंती.

मला अजून बरंच कळत नाही. हिरवी असताना माझ्याकडे कोणी बघत नाही, तर तेव्हा मी सुखी असते का? ठाऊक नाही.

माझ्या शेजारी आता एक नवी चाचणी आली आहे, मालकांच्या प्रश्नाची. ती पहिल्याच फटक्यात हिरवी झाली, म्हणून तिला लाल होता येतं की नाही हे बघायला मावशीने तिला मुद्दाम चुकीचा आकडा देऊन एकदा लाल करून पाहिलं. बिचारी घाबरली. मला विचारू लागली, "ताई, लाल झालं की दुखतं का गं?"

मी म्हटलं, "दुखत नाही. फक्त सगळे एकदम आपल्याकडे बघतात."